धातूच्या नळीपासून बेकिंगची कडी

घरात ओव्हन आला की आधी केकचे गोल भांडे येते, मग मफिनचा ट्रे, मग ब्रेडचा लांबट डबा. पुढे कधीतरी इंग्लिश मफिन, क्रम्पेट किंवा फ्रेंच पद्धतीचा टार्ट यांची कृती हाती लागते आणि तेथे गाडी अडते. या पदार्थांना तळ असलेले भांडे चालत नाही. दोन्ही बाजूंनी उघडे असे धातूचे कडे लागते. हे कडे ट्रेवर किंवा तव्यावर ठेवायचे, त्यात पीठ ओतायचे वा कणीक लावायची आणि पदार्थ तयार झाला की कडे वर उचलून घ्यायचे. पदार्थाचा तळ थेट तापलेल्या पत्र्याला लागत असल्याने तो खमंग भाजला जातो, कडा काटकोनात उभी राहते आणि भांडे उलटे करण्याचा धोकाही टळतो. ही कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत मोठे केक अशा तळरहित वेढ्यातच भाजलेले आढळतात. तेव्हा हा वेढा लाकडाचा वा पत्र्याचा असे.

अशी कडी बाजारात मिळतात. मात्र हव्या त्या व्यासाची, हव्या त्या उंचीची आणि एकसारखी डझनभर मिळतीलच असे नाही. पातळ भिंतीची धातूची नळी आणून तिचे तुकडे पाडणे हा त्यावरचा सरळ उपाय. सरळ म्हटला तरी त्यात दोन ठिकाणी चूक होऊ शकते. एक चूक पोटात जाणाऱ्या अन्नाला बाधते, दुसरी हाताला आणि डोळ्याला. त्यामुळे नळीची निवड आणि कापण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी थोड्या विस्ताराने पाहाव्या लागतील.

कोणती नळी घ्यावी

पहिली पसंती ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. लिंबू, दही, फळांचा रस यांच्यापुढे ते टिकते, गंजत नाही आणि घासायला सोपे असते. जिन्याच्या कठड्यासाठी वापरली जाणारी चकचकीत नळी मात्र पुष्कळदा २०२ प्रतीची असते. तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. ती स्वस्त पडते, पण आम्लाला आणि मिठाला कमी टिकते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि 'चिकटत नाही, म्हणजे अस्सल' असे सांगतो. या परीक्षेवर विसंबू नये. चुंबक २०२ लाही चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही; फार तर ४३० सारखी चुंबकीय प्रत तेवढी वेगळी ओळखता येते. या दोहोंतला फरक दाखवणारे रसायन व्यापाऱ्यांकडे असते. नळीवर त्याचा थेंब टाकून लहान बॅटरीचा प्रवाह दिला की मँगनीज अधिक असलेल्या प्रतीवर लालसर रंग उमटतो. तशी चाचणी करून मागण्यात संकोच बाळगू नये.

दूधप्रक्रियेच्या कारखान्यांसाठी बनणारी नळी आपल्या कामासाठी सर्वांत उत्तम. ती पट्टी गुंडाळून जोडलेली असली तरी आतला जोड घासून सपाट केलेला असतो. साध्या जोडनळीत आतल्या बाजूने एक बारीक उंचवटा लांबीभर धावतो. तो तसाच राहिला तर प्रत्येक केकच्या कडेवर एक खाच उमटते आणि त्या रेषेत पीठ चिकटून बसते. खरेदी करतानाच बोट आत घालून हा जोड चाचपावा. बोट जपून घालावे. कापलेल्या नळीचे तोंड वस्तऱ्यासारखे असते.

अॅल्युमिनियम हा दुसरा पर्याय. ते कापायला सोपे, वजनाला हलके आणि उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या कितीतरी पुढे आहे. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता साधारण १६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूंची त्याच मापाने २०० च्या आसपास. तव्यावर क्रम्पेट करताना हा फरक डोळ्यांना दिसतो. अॅल्युमिनियमचे कडे तव्याची आच वरच्या काठापर्यंत चढवते आणि पदार्थाची बाजू लवकर धरते; स्टीलच्या कड्यात बाजू फिकट राहते. उलट लिंबाचे सारण किंवा आंबट फळे यांचा अॅल्युमिनियमशी संयोग होऊन चव आणि रंग दोन्ही बिघडू शकतात. कपडे धुण्याच्या सोड्याने किंवा भांडी धुण्याच्या यंत्रातील तीव्र पावडरीने ते काळेही पडते. क्रम्पेट आणि मफिनसाठी अॅल्युमिनियम, टार्टसाठी स्टील अशी विभागणी मला पटते.

काय घेऊ नये, हे अधिक महत्त्वाचे. नळकामातील जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, ज्याला सर्वजण जीआय पाइप म्हणतात, तो अन्नासाठी सर्वथा वर्ज्य. जस्त आम्लात विरघळते आणि पदार्थात उतरते; शिवाय असा पाइप ग्राइंडरने कापताना उठणारा पांढरा धूर फुप्फुसांना घातक असतो. पडद्याच्या दांड्या बहुधा लोखंडावर किंवा पितळेवर क्रोमचा मुलामा देऊन केलेल्या असतात. कापलेल्या तोंडाशी हा मुलामा सुटू लागतो आणि आतला धातू उघडा पडतो. लेथवर सहज कापले जावे म्हणून पितळेच्या काही प्रकारांत मुद्दाम शिसे मिसळलेले असते. भंगारातल्या नळीत ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. तांब्या-पितळेला कल्हई करून घेऊ, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या तांबट आळीची आठवण असणाऱ्या वाचकांना तो मार्ग स्वाभाविकही वाटेल. परंतु कल्हई म्हणजे कथिल, आणि शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळते. डाळ-भाजी शिजवताना पातेल्यातले पाणी तापमान शंभर अंशांच्या आसपास रोखून धरते. ओव्हनमधील कोरड्या कड्याला असे संरक्षण नसते. २३० अंशांवर ब्रेड भाजणाऱ्या ओव्हनमध्ये कल्हई वितळण्याच्या उंबरठ्यावर पोहोचते.

सर्वांत मोठा धोका मात्र जुन्या नळीचा. भंगार बाजारात उत्तम प्रतीच्या स्टीलचे तुकडे वजनावर मिळतात, आणि त्यांतले पुष्कळसे कारखाने मोडून आलेले असतात. तारापूर, तळोजे, लोटे अशा रासायनिक वसाहती असलेल्या राज्यात ती नळी कालपर्यंत काय वाहत होती, हे विकणारालाही ठाऊक नसते. वरून घासून चकाकणारी नळी आतून, विशेषतः जोडाच्या खाचेत, काय धरून बसली असेल याचा भरवसा नाही. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. नळी नवीनच घ्यावी.

मापांची भाषा

नळीच्या दुकानात पहिल्यांदा जाणारा माणूस मापांत गोंधळतो. 'पाइप' म्हणून जे विकले जाते त्याचे नाव आणि प्रत्यक्ष व्यास यांत अंतर असते. तीन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलीमीटर भरतो, अडीच इंचीचा ७३, दोन इंचीचा ६०.३. 'ट्यूब' म्हणून मिळणारी नळी मात्र बाहेरच्या व्यासावरच ओळखली जाते. तीन इंची ट्यूब म्हणजे खरोखरच ७६.२ मिलीमीटर. आपल्याला हवी ती ट्यूब. पाइपची भिंत आपल्या कामासाठी बहुधा फार जाड असते.

भिंतीची जाडी अजूनही गेजमध्ये सांगितली जाते आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, हे ध्यानात ठेवावे. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलीमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. कड्यांसाठी १८ किंवा २० गेज योग्य. त्याहून पातळ नळी कापताना दबते आणि वापरात वाकडी होते. त्याहून जाड कडे तापायला वेळ घेते.

इंग्लिश मफिनला ९ ते १० सेंटिमीटर व्यास आणि अडीच सेंटिमीटर उंची हे रूढ माप आहे. एकेका व्यक्तीसाठीच्या टार्टला साडेसात ते आठ सेंटिमीटर व्यास आणि दोन सेंटिमीटर उंची पुरते. ७६.२ मिलीमीटर व्यासाच्या, १८ गेजच्या आणि २५ मिलीमीटर उंच अशा स्टीलच्या कड्याचे वजन साधारण ५६ ग्रॅम येते. तेच अॅल्युमिनियमचे केल्यास १९ ग्रॅम. त्यात काठोकाठ सुमारे १०७ मिलीलीटर पीठ मावते. फुगणारे पीठ अर्ध्यापर्यंतच भरायचे म्हटले तर दर कड्यामागे पन्नास-पंचावन्न मिलीलीटर धरावे.

किती लांबीची नळी आणावी, याचा हिशेब करताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. हत्याराची जाडी जितकी असेल तितका धातू दर कापाला भुसा होऊन जातो; हातकरवतीने साधारण एक मिलीमीटर, फॅब्रिकेटरच्या मोठ्या चकतीने तीनपर्यंत. दोन्ही काठ घासून सपाट करण्यासाठी आणखी एक मिलीमीटर सोडावा लागतो. आणि शेवटचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा वाया जातोच, कारण तो पकडायला जागा उरत नाही. चकतीने २५ मिलीमीटरची बारा कडी कापायची तर दर कड्याला २९ मिलीमीटर, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि पकडीसाठी दहा; एकूण ४५ सेंटिमीटर नळी हवी.

काप सरळ कसा येईल

नळीवर काटकोनात रेघ आखणे दिसते तितके सोपे नाही. गोल पृष्ठभागावर गुण्या नीट बसत नाही. त्यासाठी जुनी युक्ती कागदाची. सरळ कडेची जाडसर कागदी पट्टी नळीभोवती दीड फेरा गुंडाळावी आणि तिची कड तिच्याच कडेवर तंतोतंत जुळवावी. कड जुळली की ती रेघ नळीच्या अक्षाला काटकोनात असते. तिला लागून टोकदार खिळ्याने किंवा पेनाने खूण करावी. त्याहून बरे म्हणजे रबरी नळी आवळण्याची स्क्रूची होज क्लिप रेघेवर घट्ट बसवणे. तिची कड करवतीला वाट दाखवते आणि पाते घसरत नाही.

हातकरवत, म्हणजे कारखान्यातला हेक्सा, वापरायची तर पाते इंचाला ३२ दात असलेले घ्यावे. करवतीचा सर्वसाधारण नियम असा, की कापायच्या जाडीवर एका वेळी निदान दोन-तीन दात टेकले पाहिजेत. ३२ दातांच्या पात्यावरही दोन दातांतले अंतर ०.८ मिलीमीटर असते, १.२ मिलीमीटरच्या भिंतीवर एखाद-दुसराच दात टेकतो. मग भिंत दोन दातांच्या मध्ये अडकते, हिसका बसतो आणि दात तुटतात. म्हणून नळी आरपार कापत जाऊ नये. वरच्या बाजूला भिंतीपुरताच काप घ्यावा, नळी थोडी पुढे फिरवावी, पुन्हा तेवढाच काप घ्यावा आणि असा फेरा पुरा करावा. वक्र पृष्ठभागावर पाते स्पर्शरेषेत चालत असल्याने अधिक दात कामाला लागतात. नळीच्या आत बसेल असे लाकडी बूच ठोकून ठेवले तर दातांना आधारही मिळतो आणि नळी दबतही नाही.

व्हाइसमध्ये नळी सरळ आवळली तर तिचा लंबगोल झालाच म्हणून समजावे. लाकडाच्या दोन ठोकळ्यांना व्ही आकाराची खाच पाडून त्यांच्यामध्ये नळी धरावी आणि आतले बूच पकडीच्या जागीही असू द्यावे.

स्टेनलेस स्टीलचा एक स्वभाव येथे जाणून घ्यायला हवा. पाते नुसते घासत राहिले, कापले नाही, तर घासलेला भाग आणखी कठीण होतो आणि पुढे कोणतेच पाते त्याला लागत नाही. त्यामुळे गती कमी, दाब स्थिर आणि मधूनमधून तेलाचा थेंब, असे काम करावे. पाते मागे ओढताना दाब सोडावा. एका कड्याला दहा-पंधरा मिनिटे सहज जातात; बारा कडी हाताने कापायची म्हणजे एका रविवारचे काम आहे. अॅल्युमिनियम यामानाने लोण्यासारखे कापते, पण ते दातांत आणि कानशीत भरून बसते. कापताना रॉकेलचा थेंब आणि कानशीवर खडू घासणे हे त्यावरचे उपाय.

प्लंबरचे नळी कापण्याचे हत्यार, ज्याची लहान चकती नळीभोवती फिरते, ते तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या लहान नळ्यांवर छान चालते. काप अगदी काटकोनात येतो. मात्र चकती धातू कापण्याबरोबर आत ढकलतेही, त्यामुळे काठ आतल्या बाजूला वळतो. तो नीट काढला नाही तर केक कड्यातून सुटत नाही. घाईने जास्त आवळले तर पातळ नळी चेपते. स्टीलसाठी निराळी, कठीण चकती लागते.

ग्राइंडरविषयी

घरोघरी चार इंची अँगल ग्राइंडर आला आहे, आणि एक मिलीमीटर जाडीची चकती लावून तो ही नळी मिनिटभरात कापतो. या लेखातला सर्वांत गंभीर इशारा याच यंत्राबद्दल. १०० मिलीमीटरच्या चकतीची कमाल गती साधारणपणे मिनिटाला १५,३०० फेरे असते. त्या गतीला तिचा काठ सेकंदाला ८० मीटर वेगाने धावतो. चकती कापात तिरकी झाली की फुटते, आणि तिचे तुकडे कोठे जातील हे सांगता येत नाही. संरक्षक कवच काढून काम करणे, मोठ्या ग्राइंडरची चकती लहानात बसवणे, कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूने घासणे, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास दिसतात आणि तिन्ही जिवावर बेतू शकतात. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. सैल बाह्या, ओढणी, लोंबते कापडी हातमोजे नकोत. स्टीलच्या चकतीने अॅल्युमिनियम कापू नये. तिच्यात धातू भरतो, ती तापते आणि तडकते.

एक नियम तर कोरून ठेवावा असा आहे: नेहमी लांब नळी पकडून तिच्या टोकाचा तुकडा कापावा. अडीच सेंटिमीटरचे सुटे कडे हातात धरून 'जरासे' सारखे करायला ग्राइंडर लावू नये. ते कडे हातातून सुटते, किंवा बोटासकट आत ओढले जाते. कड्यावरचे उरलेले सगळे काम हातानेच करायचे.

माझे मत विचाराल तर स्टीलची बारा कडी हवी असणाऱ्याने नळी घेऊन सरळ लेथवाल्याकडे जावे. कुशल टर्नर नळीत लाकडी बूच बसवतो, कारण नुसती नळी चकच्या तीन जबड्यांत आवळली तर तिपानी होते. मग पार्टिंग टूलने एकेक कडे सोडत जातो आणि त्याच बैठकीत काठही साफ करून देतो. उंची एकसारखी येते. फॅब्रिकेटरच्या चौदा इंची कटरनेही काम होते, पण तेथे काप जाड, तापून निळा-तपकिरी पडलेला आणि किंचित तिरका मिळतो. शिवाय त्या चकतीने दिवसभर लोखंड कापलेले असते. लोखंडाचे कण स्टीलच्या काठात रुतून बसतात आणि पहिल्या धुण्यानंतर कड्याला गंजाचे ठिपके दिसतात. 'स्टेनलेस असून गंजले' अशा तक्रारीचे एक कारण हे असते. (इंचभर रुंदीचे डझनभर तुकडे कशाला हवेत, हे सांगितल्यावर दुकानातल्या मंडळींच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव मात्र पाहण्यासारखा असतो.)

काठ घासणे

कापून आणलेले कडे हे अर्धेच काम. काठावर आत-बाहेर बारीक कुसळे उभी असतात; कारखान्यात याला बर म्हणतात. बाहेरचा बर सपाट कानशीने, आतला अर्धगोल कानशीने काढावा. कानस नवी किंवा केवळ स्टीलसाठी राखलेली असावी. लोखंडावर वापरलेली कानस वर सांगितलेले कण पुन्हा आणते. हीच गोष्ट लोखंडी तारेच्या ब्रशची. बर नीट निघाला की नाही हे बोटाने पाहू नये. कापसाचा बोळा काठावरून फिरवावा. तंतू अडकला की तेथे कुसळ आहे.

नंतर सपाटी. पातळ पिठासाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण कडे तव्याला सगळीकडून टेकले नाही तर क्रम्पेटचे पीठ खालून वाहून जाते. जाड काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा, त्यावर कडे पालथे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवावे. एकाच दिशेने घासल्यास एक बाजू जास्त झिजते. मग २२० आणि शेवटी ४०० नंबर. आतल्या बाजूलाही ४०० नंबर फिरवावा. तापून रंग बदललेला भाग याच वेळी घासून काढावा, कारण तो पट्टा गंजाला लवकर बळी पडतो. तपासणीसाठी अंधाऱ्या खोलीत कडे काचेवर ठेवून आत टॉर्च लावावा. जेथून उजेडाची रेघ बाहेर डोकावेल तेथे अजून फट आहे.

कडे लंबगोल झाले असेल तर योग्य व्यासाच्या गोल लाकडावर चढवून लाकडी हातोडीने हलके ठोकत फिरवावे. थोडा दोष राहिला तरी बिघडत नाही. भाजलेल्या मफिनमध्ये मिलीमीटरभराचा फरक कोणाला दिसत नाही.

पहिला वापर

कापताना लागलेले तेल आणि धातूचा भुसा पूर्ण निघेपर्यंत कडी गरम पाण्यात साबणाने धुवावीत. पांढऱ्या कापडाने पुसल्यावर काळा डाग उमटत नाही, ही खूण. स्टीलच्या कड्यांना त्यानंतर लिंबूसत्त्वाची आंघोळ घालावी. एक लीटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, पाणी हाताला चांगले चटका देईल इतके गरम करून, त्यात कडी अर्धा तास बुडवून ठेवावीत, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावीत. पृष्ठभागावरचे लोखंडी कण यात विरघळतात आणि क्रोमियमचा संरक्षक थर हवेत पुन्हा नीट बसतो. उद्योगांतही सायट्रिक आम्लाची हीच प्रक्रिया वापरली जाते. अॅल्युमिनियमला ही आंघोळ घालू नये.

रिकामी कडी १८० अंशांवर अर्धा तास तापवून घ्यावीत. तेलाचा वास आला तर पुन्हा धुवावीत. टार्टसाठी आतून लोण्याचा पातळ हात पुरतो. क्रम्पेटच्या कड्याला तूप किंवा तेल लावून ते तव्यावर आधी तापवून घ्यावे, पीठ मग ओतावे. केकसाठी बटर पेपरची पट्टी लावायची तर ७६.२ मिलीमीटरच्या कड्याचा आतला घेर सुमारे २३२ मिलीमीटर भरतो. २५ सेंटिमीटरची पट्टी कापली की टोके एकमेकांवर चढायला दीड-दोन सेंटिमीटर उरतात. पदार्थ बाहेर आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. कडे चिमट्याने धरून किंचित फिरवावे, मग उचलावे. चिकटलेला भाग सुरीने खरवडण्याऐवजी कडी कोमट पाण्यात भिजत घालावीत, आणि कोरडी झाल्यावर दोरीत ओवून टांगावीत. एकात एक कोंबून ठेवलेली पातळ कडी पुन्हा लंबगोल होतात.